आयरिश पब : गिऱ्हाइकांच्या नजरेतून

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

वार्षिकांकाच्या पानावर 'पब' हा शब्द पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. विषय मद्यपानाचा, आणि तोही एका मुलीने लिहिलेला! तेव्हा प्रारंभीच खुलासा केलेला बरा. मी पब पाहिलेला नाही. महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे एकोणिसाव्या वर्षी बिअरचा पेलाही हाती धरता येत नाही आणि तशी इच्छाही नाही. आमच्या घरात माझ्या आधी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडजवळ आईची लहानशी खाणावळ आहे. तिच्या दारावर 'दारू पिऊन आत येऊ नये' अशी पाटी आहे आणि ती का लागली हे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे. आजोबांची मजुरी ज्या गुत्त्यात जात असे, तो गुत्ता आईने लहानपणी बाहेरून पुष्कळदा पाहिला. आत मात्र ती कधी गेली नाही.

मग हाच विषय का निवडला? त्याला दोन कारणे आहेत. माझा मावसभाऊ शिक्षणासाठी आयर्लंडमध्ये डब्लिन शहरी आहे. शिकता शिकता तो तेथील एका पबच्या स्वयंपाकघरात काम करतो, आणि फोनवर बोलताना गिऱ्हाइकांच्या तक्रारी व कौतुके रंगवून सांगतो. दुसरे कारण असे की, आमच्या इंग्रजीच्या सरांनी जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' या कादंबरीचा नायक भर दुपारी पबमध्ये जेवायला कसा जातो, ती हकीकत वर्गात सांगितली. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळत राहिला. ज्या वस्तूने आमच्या घराची वाताहत केली, तीच वस्तू विकणाऱ्या जागेला एक अख्खा देश आपला दिवाणखाना का मानतो? या प्रश्नाचे उत्तर मालकांच्या जाहिरातींतून मिळणार नाही. ते गिऱ्हाइकांच्या मतांतून मिळेल, असे मला वाटले. प्रस्तुत लेख हा त्याच शोधाचा प्रयत्न आहे.

पब म्हणजे नेमके काय?

'पब्लिक हाउस' या दोन शब्दांचा संक्षेप म्हणजे पब. सर्वांसाठी उघडे असलेले घर, असा त्याचा सरळ अर्थ. यातला 'घर' हा शब्द महत्त्वाचा आहे. आयर्लंडमधील पुष्कळ पबांच्या दारावर एखाद्या कुटुंबाचे आडनाव असते आणि कित्येक ठिकाणी मालकाचे बिऱ्हाड वरच्याच मजल्यावर असे. गावाकडचे पब तर नुसते पब नव्हतेच. एका बाजूला किराणा, दुसऱ्या बाजूला मद्य, असा दुहेरी व्यापार तेथे चाले. डिंगल या किनाऱ्यावरील गावात 'डिक मॅक्स' नावाचा पब आहे. तेथे एका अंगाला चामड्याच्या कामाचे दुकान आहे. त्याच गावातल्या 'फॉक्सी जॉन्स'मध्ये खिळे, हातोड्या अशा लोखंडी सामानाच्या शेजारीच पेला मिळतो. टिपररी परगण्यातील फेदर्ड या गावी 'मकार्थीज' म्हणून पब आहे. तेथले कुटुंब अंत्यविधीची व्यवस्थाही पाहते. म्हणजे खिळे घ्यायला गेलेला मनुष्य शेजाऱ्याला भेटे, पावसापाण्याची चौकशी करी आणि एखादा पेला घेऊन घरी परते. आपल्याकडे किराणा दुकानाची फळी, चहाची टपरी आणि गावचा पार ही तीन ठिकाणे वेगवेगळी असतात. तेथे ती एका छपराखाली आली, असे म्हणता येईल.

जुनेपणाविषयी आयरिश माणूस अभिमानी असतो. ॲथलोन येथील 'शॉन्स बार' हा इ. स. ९०० पासूनचा, तर डब्लिनचा 'ब्रेझन हेड' हा ११९८ पासूनचा असल्याचे सांगितले जाते. हे दावे इतिहासकारांच्या कसोटीला उतरोत वा न उतरोत, गिऱ्हाइकाला त्यांचे अप्रूप आहे एवढे खरे. आपण बसलो त्या बाकावर आपल्या आधी कित्येक पिढ्या बसून गेल्या, ही भावना तो पेल्याबरोबर विकत घेतो.

पेल्याविषयीची मते

आयरिश पबचे गिऱ्हाईक सर्वांत जास्त काथ्याकूट कशावर करत असेल तर तो गिनेसच्या पेल्यावर. गिनेस ही 'स्टाउट' जातीची काळी बिअर. आर्थर गिनेस याने १७५९ साली डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेट येथील कारखान्याची जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने चक्क ९,००० वर्षांसाठी घेतली, ही गोष्ट तेथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. भाजलेल्या जवामुळे या बिअरला तो गडद रंग आणि किंचित कडसर चव येते. रंग काळा दिसला तरी पेला उजेडात धरल्यावर तो गडद माणकासारखा तांबूस असल्याचे दिसते. पेला अंगावर येईल इतका कडक असेल, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण सुमारे ४.२ टक्के, म्हणजे साध्या बिअरइतकेच असते.

हा पेला भरणे हे एक शास्त्रच आहे. तेथला 'पाइंट' म्हणजे ५६८ मिलिलिटर. पेला तिरपा धरून तोटीखाली तीन चतुर्थांश भरायचा, मग बाजूला ठेवून द्यायचा. आत बुडबुड्यांची लाट उठते आणि काचेच्या कडेचे बुडबुडे वर जाण्याऐवजी खाली उतरताना दिसतात. हळूहळू काळा भाग आणि पांढरी साय वेगळी झाली की पेला पुन्हा तोटीखाली धरून काठोकाठ भरायचा. या साऱ्याला ११९.५ सेकंद लागावेत, असे कंपनीच्या जाहिरातींतून सांगितले जात असे. ती दुधाच्या सायीसारखी साय येते नायट्रोजन वायूमुळे. १९५९ साली मायकेल ॲश या गणिताची पार्श्वभूमी असलेल्या गृहस्थांनी नायट्रोजनची ही युक्ती सिद्ध केली. सामान्य बिअरमधील वायूचे बुडबुडे मोठे असतात आणि जिभेला झोंबतात; नायट्रोजनचे बुडबुडे अगदी बारीक असल्यामुळे साय मऊ लागते.

आता गिऱ्हाइकांची मते पाहा. "पेला एका दमात भरला," "फार थंड दिला," "नळ्या धुतलेल्या नाहीत, वास येतो," "पेला नीट विसळला नव्हता म्हणून साय बसली," अशा तक्रारी मावसभाऊ रोज ऐकतो. कौतुकाची खूण वेगळीच. प्रत्येक घोटागणिक काचेच्या आतून सायीचे एकेक कडे राहिले, तर पेला स्वच्छ होता आणि भरणाराही जाणकार होता, असे जुने गिऱ्हाईक समजते. मी त्याला म्हटले, "दादा, एवढ्याशा गोष्टीवरून भांडतात होय?" तो म्हणाला, "अगं, तुमच्याकडे आमटीत मीठ कमी पडलं तर गिऱ्हाईक ऐकून घेतं का?" मी काही बोलले नाही, कारण नुकतेच तसे घडले होते.

यातून एक गोष्ट कळते. यांपैकी बहुतेक तक्रारींचा नशेशी संबंध नाही. त्या स्वच्छतेच्या, हातोटीच्या आणि धीराच्या तक्रारी आहेत. पेला भरून बाजूला ठेवल्यावर दोन मिनिटे थांबावे लागते; जुन्या गिऱ्हाइकांना ते थांबणे आवडते. कारण त्या दोन मिनिटांतच भरणाऱ्याशी दोन शब्द बोलून होतात.

ताटाविषयीची मते

पबमध्ये पोटभर जेवण मिळावे, ही अपेक्षा तुलनेने अलीकडची. पूर्वी बहुतेक पबांत फार तर हॅम आणि चीज घातलेले भाजलेले सँडविच किंवा बटाट्याच्या वेफर्सचे पाकीट मिळे. ते पाकीट म्हणजेही तेथे साधी गोष्ट नव्हे. १९५४ साली जो मर्फी या गृहस्थांनी डब्लिनमध्ये 'टेटो' कंपनी काढली आणि चीज-कांद्याच्या चवीचे वेफर्स लोकप्रिय केले. पाकीट फाडून मेजाच्या मध्यभागी पसरायचे आणि सर्वांनी मिळून खायचे, ही रीत तेथे अजूनही पाळली जाते.

आज मात्र पबच्या पाटीवर पदार्थांची मोठी यादी दिसते. आयरिश स्ट्यू म्हणजे मेंढीचे मटण, बटाटे आणि कांदा मंद आचेवर शिजवून केलेले कालवण. त्यात गाजर घालावे की नाही यावर तेथे वाद होतात. जुन्या वळणाचे लोक गाजराला नाके मुरडतात. डब्लिनचे खास म्हणजे 'कॉडल' : डुकराच्या मांसाचे सॉसेज, बेकन आणि बटाटे यांचे पांढरट पातळ कालवण. परदेशी पाहुण्याला ते पाहून भूक लागत नाही, तर डब्लिनकराला त्याच्यावाचून आईची आठवण पुरी होत नाही. किनाऱ्याच्या गावी माशांचे दाट सूप म्हणजे 'चाउडर' आणि सोबत सोड्याने फुगवलेला तपकिरी पाव मिळतो. गॉलवेकडे कालवे आणि स्टाउट ही जोडी प्रसिद्ध आहे. तेथे कालवांचा उत्सव १९५४ पासून भरतो. आमच्या कोकणातील वाचकांना कालवांचे नाव वाचून घरचे काही वाचल्यासारखे वाटेल.

या ताटात बटाटा जिकडेतिकडे आहे. त्यामागे दुःखद इतिहास आहे. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ झाला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. गेलेल्या माणसांनी आपल्या चवीही नेल्या आणि त्या परमुलखात बदलल्या. म्हणूनच अमेरिकेहून आलेला पाहुणा डब्लिनच्या पबमध्ये बसून खारवलेले गोमांस व कोबी मागतो, आणि ते पाटीवर नाही म्हणून खट्टू होतो. आयर्लंडात कोबीबरोबर बेकन खाण्याची चाल. गोमांसाची जोडी अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांनी जमवली. "हा खरा आयरिश पब नाही," असे मत देऊन तो पाहुणा निघून जातो! मत प्रामाणिक असूनही चुकीचे कसे असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

या संदर्भात 'युलिसिस'ची हकीकत सांगण्याजोगी आहे. ही कादंबरी १९२२ साली प्रसिद्ध झाली आणि तीत १६ जून १९०४ या एकाच दिवसाची कथा आहे. नायक लिओपोल्ड ब्लूम दुपारी भुकेला होऊन प्रथम एका उपाहारगृहात शिरतो. तेथे माणसे ज्या तऱ्हेने मचामचा जेवत असतात, ते पाहून त्याला शिसारी येते आणि तो उलट पावली बाहेर पडतो. मग ड्यूक स्ट्रीटवरील डेव्ही बर्न यांच्या पबमध्ये जाऊन तो गोरगोन्झोला चीजचे सँडविच आणि एक पेला बर्गंडी वाइन घेतो. ही जागा त्याला पसंत पडते. कारण मालक फार बडबड करत नाही, आणि क्वचित का होईना, स्वतःकडून पेला पाजतो. म्हणजे जागतिक साहित्यातील एका थोर नायकाने दोन जागांविषयी दिलेले मत, थोडक्यात सांगायचे तर, 'तेथे घाण, येथे शांत' असे आहे. हा पब आजही चालू आहे आणि दरवर्षी १६ जूनला वाचक तेथे जाऊन तेच सँडविच मागतात.

आमच्या आईला लिहितावाचता बेताचेच येते. पण तिची एक शिकवण मला येथे आठवते. ती म्हणते, "गिऱ्हाईक तोंडानं काय म्हणतंय ते ऐकू नको, पानात काय टाकून गेलंय ते बघ." मी हे मावसभावाला सांगितले, तर तो म्हणाला, की तेथला मुख्य आचारीही परत आलेल्या ताटल्या धुण्यापूर्वी एकदा नजरेखालून घालतो. स्ट्यूचा वाडगा पावाने पुसून निघाला असेल तर तो समाधानाने मान हलवतो. डब्लिन आणि आमचे तालुक्याचे गाव यांत हजारो मैलांचे अंतर असले, तरी खाऊ घालणाऱ्यांची विद्या एकच दिसते.

बैठकीविषयीची मते

पेला आणि ताट यांनंतर तिसरी गोष्ट म्हणजे बैठक. आयरिश पबमध्ये मित्रमंडळी बसली की प्रत्येकाने आळीपाळीने सर्वांसाठी पेले आणायचे, अशी चाल आहे. तिला 'राउंड' म्हणतात. आपली पाळी चुकवून सटकणारा गिऱ्हाइकांच्या मते सर्वांत हलका मनुष्य. या चालीत स्नेह आहे तसा धोकाही आहे. चौघे बसले तर चौथी पाळी होईपर्यंत उठता येत नाही, आणि ज्याला एकच पेला हवा होता त्याच्या पोटात चार जातात.

संगीत हे दुसरे आकर्षण. फिडल, बासरी, बोध्रान नावाचा चामड्याचा वाद्यपट असे साहित्य घेऊन वादक एका कोपऱ्यात बसतात आणि आपसांत वाजवू लागतात. आपल्याकडे देवळात भजनाला कोणीही टाळ घेऊन बसावे, तसा तो प्रकार. डब्लिनमधील 'ओ'डोनह्यूज' या पबच्या अशाच बैठकींतून १९६२ साली 'द डब्लिनर्स' हा प्रसिद्ध गायकसंच उदयाला आला. तेथल्याच 'कॉबलस्टोन' या पबच्या जागी मोठे हॉटेल बांधण्याची योजना २०२१ साली पुढे आली, तेव्हा गिऱ्हाइकांनी आणि वादकांनी वाद्ये घेऊन रस्त्यावर मोर्चा काढला; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरपालिकेने बांधकामाची परवानगी नाकारली. गिऱ्हाइकांनी आपले मत नोंदवण्याचा याहून ठळक प्रकार मला आढळला नाही.

उलट टेंपल बार या प्रवाशांनी गजबजलेल्या भागाविषयी खुद्द डब्लिनकरांचे मत फारसे चांगले नाही. दर चढे, गर्दी फार, आणि संगीत इतके मोठे की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये, अशी त्यांची तक्रार असते. प्रवाशांना मात्र तोच भाग पाहायचा असतो. एकाच शहराची दोन मते असतात. कारण एकाला तेथे एक संध्याकाळ काढायची असते आणि दुसऱ्याला जन्म.

आयरिश पबचे हे वैशिष्ट्य पुढे व्यापाराचा माल झाले. मेल मॅकनॅली नावाच्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याने डब्लिनच्या पबांचा अभ्यास केला आणि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी पब बांधून देणारी कंपनी काढली. खेड्यातील झोपडीचा, जुन्या किराणा दुकानाचा, व्हिक्टोरियन थाटाचा असे ठरावीक नमुने तयार झाले. लाकूडकाम आयर्लंडात घडवून देशोदेशी पाठवले जाऊ लागले. आज जगातल्या मोठ्या शहरांत आयरिश पब दिसतो, तो बहुधा या लाटेचा परिणाम. तेथे बसणाऱ्यांचे एक मत ठरलेले असते : "सगळे खरे, पण मालक ओळखीचा नाही."

ज्यांना कोणी विचारले नाही

येथवर जी मते सांगितली ती आत बसलेल्यांची. पण दाराबाहेर कोण होते?

दीर्घ काळ पब ही पुरुषांची जागा होती. कित्येक पबांत 'स्नग' नावाची एक लहानशी बंदिस्त खोली असे. तिला एक झरोका असे आणि त्यातून पेला आत सरकवला जाई. बायका तेथे बसत. म्हणजे त्या पबमध्ये असूनही नसल्यासारख्या. धर्मगुरू आणि पोलीस यांनाही लोकांच्या नजरेआड बसायला ही खोली सोयीची पडे. पुष्कळ पबमालक स्त्रियांना पूर्ण पाइंट देतच नसत. अर्धा पेला घ्या म्हणत. १९७० च्या दशकात पत्रकार नेल मॅककॅफर्टी आणि तीसएक स्त्रिया डब्लिनच्या 'नीअरीज' पबमध्ये शिरल्या. त्यांनी प्रथम सर्वांसाठी ब्रँडी मागवली, ती आली. मग एक पाइंट गिनेस मागितला. तो नाकारला गेला. तेव्हा, आमची मागणी पुरी झाली नाही म्हणून पैसे देणार नाही, असे सांगून त्या ब्रँडी पिऊन चालत्या झाल्या, अशी हकीकत सांगतात. स्त्री म्हणून गिऱ्हाइकाला नकार देणे कायद्याने बंद झाले ते २००० सालच्या समान दर्जाच्या कायद्याने. हा प्रश्न दारूचा नव्हता. गिऱ्हाईक कोणाला म्हणायचे, याचा होता.

त्याहून मोठा वर्ग मात्र घरी वाट पाहत बसणाऱ्यांचा. त्यांचे मत आयर्लंडने ऐकलेच नाही असे नाही. १८३८ साली कॉर्क शहरात थिओबाल्ड मॅथ्यू या धर्मगुरूंनी संपूर्ण मद्यत्यागाची चळवळ सुरू केली आणि लाखो लोकांनी शपथ घेतली. १८९८ साली फादर जेम्स कलन यांनी 'पायोनिअर' संघटना काढली. तिचे सभासद छातीवर लहानशी खूण लावतात, म्हणजे त्यांना कोणी आग्रह करू नये. ज्या देशाचा पब जगभर गेला, त्याच देशात मद्य न पिणाऱ्यांचीही एवढी मोठी परंपरा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

सरकारनेही वेळोवेळी लगाम ओढला. १९२७ च्या कायद्याने डब्लिन व कॉर्क येथील पब दुपारी तासभर बंद ठेवावे लागत. लोक त्याला थट्टेने 'पवित्र तास' म्हणत. कामाच्या दिवसांवरील हा निर्बंध १९८८ साली उठला. गुड फ्रायडेला पब बंद ठेवण्याची सक्ती २०१८ पर्यंत होती. २९ मार्च २००४ पासून पबमध्ये धूम्रपानाला बंदी आली. अशी देशव्यापी बंदी घालणारा आयर्लंड हा पहिला देश. धंदा बुडणार, अशी मालकांची ओरड होती. गिऱ्हाइकांनी मात्र बाहेर उभे राहून ओढायची सवय लावून घेतली. पिऊन मोटार चालवण्यावरील निर्बंध २०११ व २०१८ साली अधिक कडक झाले. त्यामुळे अपघात टळतात हे खरे; पण दूरच्या खेड्यातील एकटा म्हातारा शेतकरी संध्याकाळी घरीच बसू लागला, अशीही तक्रार पुढे आली. २००५ ते २०२१ या काळात आयर्लंडमधील एक पंचमांशाहून अधिक पब बंद पडले.

करोनाच्या साथीत तर विलक्षण प्रसंग आला. मार्च २०२० मध्ये सर्व पब बंद झाले. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांचे वडील मूळचे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर. पुढे २९ जूनला जे पब उघडले ते फक्त जेवण देणारे. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाने किमान ९ युरोचे भरपेट जेवण घेतलेच पाहिजे, असा नियम झाला. नुसता पेला विकणाऱ्या पबांना आणखी कित्येक आठवडे, डब्लिनमध्ये तर पुढल्या वर्षीपर्यंत, टाळे राहिले. भरपेट जेवण कशाला म्हणावे यावर देशभर विनोद झाले. पण खेड्यापाड्यांतील वृद्ध गिऱ्हाइकांनी त्या दिवसांत सांगितलेले दुःख पेल्याचे नव्हते. बोलायला कोणी नाही, असे ते म्हणत.

निष्कर्ष

या साऱ्या मतांची बेरीज केली तर काय हाती येते? पेला स्वच्छ हवा, ताट गरम हवे, दर वाजवी हवा, आणि आपल्याला कोणी ओळखावे. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी कोठल्याही खाणावळीला लागू आहेत. चौथी मात्र पबने उत्तम साधली. आयरिश माणसाचे प्रेम पाहिले तर ते बरेचसे या चौथ्या गोष्टीवर आहे. मद्य तिच्याबरोबर आले, आणि मद्याबरोबर त्याचे नुकसानही आले.

आपल्या महाराष्ट्रात गावातील दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे असतात. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला, तर दुकान बंद होते. आमच्या गावी असे मतदान झाले. माझे आयुष्यातील पहिले मत मी आडव्या बाटलीलाच दिले आणि आज पुन्हा वेळ आली तरी तेथेच देईन. ते मत गिऱ्हाइकांचे नव्हते. ज्यांच्या घरचा पैसा तेथे जात होता, त्यांचे ते होते आणि ते मोजले गेले, याचा मला अभिमान वाटतो.

परंतु हा लेख लिहिताना एक विचार नव्याने सुचला. दुकान बंद झाल्यावर तेथे बसणारी माणसे संध्याकाळी कोठे जातात, याची चौकशी आम्ही कोणी केली नाही. आणि बायकांना तर गावात बसायला जागा पूर्वीही नव्हती, आजही नाही; पार पुरुषांचा, टपरी पुरुषांची, चावडी पुरुषांची. जेथे दिवा असेल, बसायला बाक असेल, चहाचा कप आणि गरम भजी रास्त भावात मिळतील, कोणी पेटी वाजवील, आणि आत येणाऱ्याला, मग तो म्हातारा असो की एखादी मुलगी, नावाने हाक मारली जाईल, अशी एक जागा प्रत्येक गावात का असू नये? आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी रस्ता किंवा बंधारा बांधला जातो. एखाद्या वर्षी, बंद पडलेल्या दुकानाच्या गावी अशी एक बैठकीची खोली उभारावी, अशी माझी सूचना आहे. खोली चांगली झाली की नाही, ते तेथे येणाऱ्यांना विचारता येईल. आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी जाऊनही विचारावे.